लग्न की ‘सिव्हिल पार्टनरशिप’: कायद्याच्या नजरेत फरक कुठे पडतो?

ब्रिटनमधले जॉन वॉकर २००३ साली निवृत्त झाले. वीसेक वर्षं त्यांनी एकाच कंपनीत काढली होती आणि पेन्शन योजनेत बरोबरीच्या सहकाऱ्यांसारखेच पैसे भरले होते. पुढे प्रश्न उभा राहिला तो त्यांच्या पश्चात जोडीदाराला काय मिळणार याचा. वॉकर यांनी एखाद्या बाईशी लग्न केलं असतं, अगदी निवृत्तीनंतर केलं असतं, तरी तिला वर्षाला सुमारे ४५ हजार पौंड मिळाले असते. पण त्यांचा जोडीदार पुरुष होता, म्हणून त्याच्या वाट्याला येणार होते वर्षाला सुमारे एक हजार.

हे दोघं लपूनछपून राहत होते असं नाही. २००६ मध्ये त्यांनी ‘सिव्हिल पार्टनरशिप’ची, म्हणजे लग्न न म्हणता सरकारी दप्तरात नोंदवलेल्या जोडीदारीची, रीतसर नोंदणी केली आणि पुढे लग्नही केलं. अडचण तारखेची होती. ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांची नोंदणी सुरू झाली डिसेंबर २००५ मध्ये, आणि त्याआधीच्या नोकरीचा हिशोब अशा जोडीदाराच्या पेन्शनमध्ये न धरण्याची मुभा समानतेच्या कायद्यातच ठेवलेली होती. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती मुभा रद्द ठरवली.

समलिंगी विवाहावरची चर्चा बहुतेक वेळा संस्कृती, धर्म, समाज काय म्हणेल, अशा मोठ्या शब्दांत होते. मला मात्र हा विषय पेन्शनच्या तक्त्यात, कराच्या नोटिशीत आणि व्हिसाच्या अर्जात जास्त स्पष्ट दिसतो. दोन माणसांचं एकमेकांशी काय नातं आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक असतंच. कायद्याचं काम सुरू होतं ते तिसऱ्या कुणाला तरी, म्हणजे सरकारला, विमा कंपनीला, इस्पितळाला, सासरमाहेरच्या नातेवाइकांना ते नातं मानावं लागतं तेव्हा.

आधी ‘नागरी विवाह’ म्हणजे काय

लग्नाचा एक भाग विधीचा असतो आणि एक नोंदीचा. विधी धर्माचा, कुटुंबाचा किंवा हौसेचा. नोंद सरकारची. कोणताही धार्मिक विधी न करता, सरकारी अधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांच्या सह्या घेऊन झालेलं लग्न म्हणजे नागरी विवाह, आपल्या बोलण्यातलं ‘रजिस्टर लग्न’. फ्रान्सने १७९२ मध्ये, क्रांतीच्या काळात, लग्नाची नोंद चर्चच्या हातून काढून सरकारी दप्तरात आणली. तिथे आजही आधी नगरपालिकेत लग्न लागतं, चर्चमध्ये जायचं असेल तर त्यानंतर. दुसऱ्या काही देशांत धर्मगुरूच सरकारच्या वतीने नोंद करतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी उरकतात आणि त्या एकच आहेत असा समज पसरतो.

समलिंगी जोडप्यांनी कायद्याकडे मागितलेला हक्क मुख्यतः या नोंदीबद्दलचा आहे. कोणत्या धर्माने कोणाचं लग्न लावावं हा वाद वेगळा, आणि तो त्या त्या धर्माच्या आतला. ब्रिटनच्या २०१३ च्या कायद्याने ही रेघ फार काळजीपूर्वक आखली. कोणत्याही धर्मसंस्थेवर सक्ती नाही, आणि ‘चर्च ऑफ इंग्लंड’ने आपले नियम स्वतः बदलल्याशिवाय तिथे असं लग्न लागूच शकत नाही. डेन्मार्कने २०१२ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या राष्ट्रीय चर्चमध्ये समलिंगी लग्नं लागतात, पण एखाद्या धर्मगुरूला पटत नसेल तर तो नकार देऊ शकतो. ‘उद्या आमच्या पुजाऱ्याला जबरदस्तीने लग्न लावायला लावतील’ ही भीती सगळीकडे ऐकू येते. कायदा नीट लिहिला तर तिला फारसा आधार उरत नाही.

कागदपत्रं करून भागत नाही का?

हा प्रश्न वाजवी आहे. लग्न नसेल तर दोन माणसं कायद्याच्या दृष्टीने परकी, पण मृत्युपत्र करता येतं, मुखत्यारपत्र देता येतं, घर दोघांच्या नावावर घेता येतं, बँकेत संयुक्त खातं उघडता येतं. मग वेगळ्या कायद्याची गरज काय?

कारण करार ज्या दोघांनी केला त्यांनाच बांधतो. प्राप्तिकर खातं त्यात कुठेच नसतं. परदेशी जोडीदाराला देशात राहू द्यायचं की नाही हे ठरवणारा अधिकारी तुमचं मृत्युपत्र बघत नाही. मालकाची पेन्शन योजना, मुलाच्या जन्मनोंदीतलं दुसऱ्या पालकाचं नाव, अपघातात गेलेल्या माणसाची भरपाई कोणाला, यातलं काहीही खासगी कागदावर मिळत नाही. लग्नाच्या एका सहीने हे सगळं आपोआप लागू होतं, न मागता, आणि बऱ्याचदा जोडप्याला माहीतही नसताना. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ मध्ये मोजदाद केली, तेव्हा वैवाहिक स्थितीवर काही ना काही अवलंबून असलेल्या १,१३८ तरतुदी एकट्या केंद्रीय कायद्यांत निघाल्या. राज्यांचे कायदे वेगळेच. एवढ्या तरतुदींची कसर भरून काढणारा करार कोणता वकील लिहून देणार?

यात पैसेवाल्या जोडप्याची आणि साध्या जोडप्याची स्थितीही सारखी नसते. वकील परवडणारे निदान अर्धी तटबंदी उभारतात. ज्यांना परवडत नाही त्यांना संकट आल्यावरच कळतं की आपण कागदावर कुणीच नाही.

आणि तटबंदी असली तरी ती कुठे तुटेल सांगता येत नाही. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर या न्यूयॉर्कच्या दोघी चाळीसहून अधिक वर्षं एकत्र राहिल्या. २००७ मध्ये त्यांनी कॅनडात, टोरंटोला जाऊन लग्न केलं. २००९ मध्ये स्पायर वारल्या आणि सगळी मालमत्ता विंडसर यांना मिळाली. मृत्युपत्राने आपलं काम चोख केलं होतं. त्यानंतर आली ३,६३,०५३ डॉलरच्या वारसाकराची मागणी. नवऱ्याकडून बायकोला मालमत्ता मिळाली असती तर हा कर शून्य होता, पण १९९६ च्या केंद्रीय कायद्याने लग्न म्हणजे फक्त स्त्री आणि पुरुष यांचं असं ठरवून टाकलं होतं. विंडसर न्यायालयात गेल्या आणि २६ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या कायद्याचा हा भाग रद्द केला. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ ला, लग्नाचा हक्क सगळ्या राज्यांत लागू झाला. त्या दुसऱ्या खटल्यातले जिम ओबरगफेल यांची मूळ मागणी काय होती? जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्यावर हयात पती म्हणून आपलं नाव यावं, एवढीच.

मधला मार्ग आणि त्याचे दोन प्रकार

लग्न द्यायचं नाही, पण काहीच दिलं नाही तर अन्याय उघड दिसतो. या पेचातून नोंदणीकृत जोडीदारी निघाली. पहिला देश डेन्मार्क. १ ऑक्टोबर १९८९ ला कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी कोपनहेगनच्या नगरभवनात पहिल्या काही जोडप्यांची नोंद झाली. त्यांत ॲक्सेल आणि आयगिल ॲक्सगिल होते. ॲक्सेल यांनी १९४८ मध्येच समलिंगी व्यक्तींची संघटना काढली होती, म्हणजे कायदा यायला त्यांना चार दशकं वाट पाहावी लागली.

डॅनिश कायद्याची युक्ती सोपी होती. विवाहाविषयीचे नियम या जोड्यांनाही लागू, असं एका फटक्यात सांगायचं आणि मग अपवाद मोजायचे. दत्तक घेणं हा मोठा अपवाद होता. चर्चमधलं लग्नही नाही. ही झाली जोडीदारीची पहिली जात: लग्नाची जवळजवळ नक्कल, फक्त समलिंगी जोडप्यांसाठी, नाव वेगळं आणि काही कोपरे कापलेले.

दुसरी जात फ्रान्सची. तिथे १९९९ मध्ये ‘पॅक्स’ नावाचा करार आला, आणि तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुला होता, जोडपं समलिंगी असो की नसो. लग्नापेक्षा तो बराच हलका आहे. दोघांपैकी एकालाही तो एकतर्फी संपवता येतो, घटस्फोटाच्या खटल्याची गरज नाही. पण त्याच हलकेपणाची दुसरी बाजू अशी की मृत्युपत्र नसेल तर जोडीदार वारस ठरत नाही, आणि मृत जोडीदाराच्या पेन्शनचा वाटा, जो विधवेला किंवा विधुराला मिळतो, तो इथे मिळत नाही. गंमत अशी झाली की समलिंगी जोडप्यांच्या मागणीतून जन्मलेला हा करार स्त्री-पुरुष जोडप्यांना इतका आवडला की आज पॅक्स करणाऱ्यांत बहुसंख्य तीच आहेत. लग्नाचा सगळा डोलारा नको, पण कर आणि घरभाडं यांपुरती मान्यता हवी, असं म्हणणारे लोक भरपूर निघाले.

तेव्हा ‘सिव्हिल पार्टनरशिप म्हणजे दुय्यम दर्जा’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. ती लग्नाच्या जोडीला, सर्वांसाठी असेल तर तो एक जास्तीचा पर्याय असतो. लग्नाचं दार बंद ठेवून फक्त काहींना तिच्याकडे पाठवलं तर ते शेजारच्या खिडकीवर उभं करणं होतं. ब्रिटनने याचं उलटं रूपही अनुभवलं. २०१४ पासून तिथे समलिंगी जोडप्यांना लग्न आणि जोडीदारी दोन्ही उपलब्ध, आणि स्त्री-पुरुष जोडप्यांना फक्त लग्न! रिबेका स्टाइनफेल्ड आणि चार्ल्स कायडन यांना विवाहसंस्थेचा जुना पुरुषप्रधान इतिहास नको होता, म्हणून ते जोडीदारीसाठी भांडले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ३१ डिसेंबर २०१९ पासून तीही सर्वांना खुली झाली. समानता दोन्ही दिशांनी लागू होते, हे दाखवणारा याहून चांगला खटला मला माहीत नाही.

‘सगळं तेच आहे, फक्त नाव वेगळं’

हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो. जर्मनीचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये तिथे समलिंगी जोडप्यांसाठी नोंदणीकृत जोडीदारी आली. हक्क कमी होते, म्हणून लोक न्यायालयात जात राहिले. २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने मृताच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनबाबत निकाल दिला. २०१० मध्ये वारसाकराबाबत. २०१३ मध्ये एकाने आधी दत्तक घेतलेलं मूल दुसऱ्यालाही दत्तक घेता यावं याबाबत, आणि त्याच वर्षी पती-पत्नीच्या एकत्रित प्राप्तिकराच्या सवलतीबाबत. प्रत्येक निकाल जोडप्यांच्या बाजूने, प्रत्येकामागे काही वर्षांची कोर्टबाजी. शेवटी १ ऑक्टोबर २०१७ पासून लग्नच खुलं झालं. कायद्यात दोन वेगळ्या याद्या ठेवल्या की दुसरी यादी पहिलीच्या मागेच राहते, कारण नवीन नियम लिहिणारा माणूस ‘विवाहित’ असं लिहून मोकळा होतो आणि दुसऱ्या यादीची आठवण त्याला राहत नाही.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तर सरकारनेच नेमलेल्या आयोगाने २००८ च्या अहवालात मान्य केलं की ‘सिव्हिल युनियन’ने (जोडीदारीचंच तिथलं नाव) समानता आलेली नाही. कायदा काही म्हणो, इस्पितळात आणि नोकरीच्या ठिकाणी जोडप्यांना हे प्रकरण नक्की काय आहे ते प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागत होतं. ‘आम्ही विवाहित आहोत’ या वाक्यानंतर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. ‘आमची नोंदणीकृत जोडीदारी आहे’ म्हटलं की विचारतात. अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा फरक फार महाग पडतो.

सीमा ओलांडली की नावाचं महत्त्व आणखी वाढतं. लग्न ही जगभर ओळखीची गोष्ट आहे, जोडीदारीचे प्रकार मात्र देशागणिक वेगळे, त्यामुळे एका देशातली नोंद दुसऱ्या देशात कशात बसवायची हेच कळत नाही. अर्थात लग्न केलं म्हणजे सीमेवर सगळं सुरळीत, असंही नाही. रुमेनियाचा एक नागरिक आणि त्याचा अमेरिकन पती यांनी २०१० मध्ये ब्रसेल्समध्ये लग्न केलं होतं. रुमेनियाने त्या पतीला कुटुंबीय म्हणून राहण्याचा हक्क नाकारला. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की संघात कुठेही राहण्याच्या हक्कापुरता तो ‘पती’ मानावाच लागेल. रुमेनियाने स्वतः अशी लग्नं लावावीत असं मात्र न्यायालय म्हणालं नाही.

इटलीचा किस्सा मजेशीर आहे. २०१६ मध्ये तिथे समलिंगी जोडप्यांसाठी युनियनचा कायदा झाला, तेव्हा विवाहाच्या नियमांतलं ‘एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याचं’ कर्तव्य मुद्दाम गाळलं गेलं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जोडीदाराच्या मुलाला दत्तक घेण्याची तरतूदही शेवटच्या वाटाघाटीत वगळली गेली.

मुलांच्या बाबतीत कायदा सर्वात मागे

याचं कारण राजकीय आहे. दोन प्रौढांनी काय करावं यावर लोक एक वेळ गप्प बसतात, मूल म्हटलं की तडजोड तिथेच होते. बेल्जियमने २००३ मध्ये लग्न खुलं केलं, दत्तकाचा हक्क दिला २००६ मध्ये. पोर्तुगालमध्ये लग्न २०१० मध्ये आणि दत्तक २०१६ मध्ये. तैवानने २०१९ मध्ये आशियात पहिल्यांदा समलिंगी विवाहाची नोंद सुरू केली, पण दत्तक फक्त जोडीदाराच्या पोटच्या मुलापुरतं ठेवलं. नात्याबाहेरचं मूल एकत्र दत्तक घेण्याची मुभा मिळायला २०२३ उजाडलं.

या मधल्या वर्षांत मूल थांबत नाही, ते वाढतच असतं. घरात दोन आया, कागदावर एक. ती एक आजारी पडली किंवा गेली तर दुसरी, जिने मुलाला रोज शाळेत सोडलं, ती कायद्याने त्याची कोणीच नाही. हक्क जोडप्याचा म्हणून मागितला जातो, पण तो नसल्याची झळ इथे मुलाला बसते. म्हणून कोणत्याही देशाच्या नव्या कायद्याची बातमी वाचताना मी आधी दत्तक आणि जन्मनोंदीचं कलम शोधतो.

दार उघडतं कसं

वाटा तीन: संसद, न्यायालय, जनमत. नेदरलँड्समध्ये संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल २००१ च्या मध्यरात्री ॲमस्टरडॅमचे महापौर योब कोहेन यांनी जगातली पहिली चार लग्नं लावली. आयर्लंडने २०१५ मध्ये थेट जनतेला विचारलं, ६२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दक्षिण आफ्रिकेत घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये संसदेला एक वर्षाची मुदत दिली. संसदेने ती अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ताणली, पण कायदा नामी केला: जोडप्याने आपल्या नात्याला ‘विवाह’ म्हणायचं की ‘सिव्हिल पार्टनरशिप’ हे स्वतः ठरवावं, हक्क दोन्हींत सारखेच. फक्त एक पळवाट राहिली होती. सद्सद्विवेकाचं कारण सांगून सरकारी अधिकारी अशी नोंद करायला नकार देऊ शकत होता. ती २०२० मध्ये बंद झाली.

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह सुरू झाले. नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अंतरिम आदेशावर नोंदी होऊ लागल्या. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल दिला. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय बदल करणार नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. मतभेद झाला तो ‘सिव्हिल युनियन’वर, आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तीही नाकारली गेली. काम सरकारी समितीकडे गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. नॉमिनीला बँक पैसे सुपूर्द करते, पण ते पैसे शेवटी कायदेशीर वारसांचे असतात, आणि लग्न नसेल तर जोडीदार वारस नसतो. मृत्युपत्र केलेलं नसेल तर नॉमिनीच्या हातात आलेले पैसे भाऊबंद परत मागू शकतात.

एक बाब जवळजवळ कुणीच आधी विचारात घेत नाही: वेगळं होणं. लग्नाची नोंद जशी मान्यता देते तशीच मोडण्याची रीतही देते, म्हणजे पोटगी, मालमत्तेची वाटणी, मुलाचा ताबा. परदेशी जाऊन लग्न करून आलेल्या जोडप्याचं पुढे पटलं नाही तर ते अडकतं. त्यांचा स्वतःचा देश म्हणतो, तुमचं लग्नच झालेलं नाही, मग घटस्फोट कसला? जिथे लग्न लागलं तो देश म्हणतो, घटस्फोट हवा तर आधी इथे येऊन राहा. कॅनडात २००५ नंतर बाहेरून येऊन लग्न केलेल्या जोडप्यांची अशीच कोंडी झाली होती. अखेर २०१३ मध्ये कॅनडाच्या संसदेने खास कायदा केला. त्यानुसार तिथे लग्न लागलेल्या, पण तिथे न राहणाऱ्या जोडप्याला स्वतःच्या देशात सोय नसेल, तर कॅनडातल्याच न्यायालयाकडून घटस्फोट घेता येतो.